पाण्याकाठची कोरडी माणसं

मराठी भाषेचं बुडण्याशी फार जुनं नातं आहे. बुडत्याला काडीचा आधार असतो, बुडत्याचा पाय नेहमी खोलात जातो, माणूस कर्जात गळ्यापर्यंत बुडतो, नव्या नोकरीत पहिले सहा महिने गटांगळ्या खातो आणि मुलीचं लग्न पार पडेपर्यंत बापाच्या नाकातोंडात पाणी जातं. या सगळ्यांवर कडी करणारं एक वाक्य घराघरांत ऐकू येतं : 'पाण्यात पडलं की पोहता येतंच.' संसार, नोकरी, धंदा यांच्या बाबतीत ते खुशाल वापरावं. खुद्द पाण्याच्या बाबतीत मात्र ते साफ खोटं आहे. न शिकलेला माणूस पाण्यात पडला की बुडतो. पोहता येतं ते शिकलेल्यालाच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे तीन लाख माणसं बुडून मरण पावली. आपल्या देशात २०२२ साली पोलिसांच्या दप्तरी नोंदलेल्या अशा मृत्यूंची संख्या ३८ हजारांच्या वर होती. म्हणजे दिवसाला शंभरावर माणसं. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ पासून २५ जुलै हा दिवस बुडण्याच्या दुर्घटना टाळण्यासाठी राखून ठेवला, तो उगीच नव्हे. आपल्याकडे तर तो नेमका ऐन पावसाळ्यात येतो.

आकडे वाचून आपण पान उलटतो, कारण बुडणारी माणसं कुठंतरी नदीकाठी, धरणाजवळ राहत असणार असं आपण धरून चालतो. गोरेगाव, अंधेरी, मुलुंड, घाटकोपरच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याचा पाण्याशी संबंध काय? नळाला किती वाजता येतं, एवढाच! पण नकाशा उघडून बसलं की हा भ्रम टिकत नाही.

तीन तलाव आणि एक नदी

आरे कॉलनी आपल्याला ठाऊक आहे ती दुधासाठी. मुंबईतले गोठे शहराबाहेर हलवावेत म्हणून दारा खुरोडी यांच्या पुढाकारानं १९४९ साली ही वसाहत उभी राहू लागली आणि १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. सुमारे १,२८७ हेक्टरांचा तो पसारा. अलीकडे ती चर्चेत आली ती मेट्रोच्या कारशेडमुळे, ऑक्टोबर २०१९ मध्ये रातोरात पडलेल्या झाडांमुळे आणि बिबट्यांमुळे. पण आरेची आणखी एक ओळख आहे, ती पाण्याची.

आरेच्या पूर्वेला विहार तलाव, आग्नेयेला पवई, उत्तरेला राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात तुळशी. विहार १८६० सालचा. नळानं मुंबईला पाणी पोचलं ते पहिल्यांदा इथून. तुळशी १८७९ चा, पवई १८९१ चा. विहारमध्ये सुमारे २,७७० कोटी लिटर पाणी मावतं, तुळशीत सुमारे ८०५ कोटी, पवईत ५४५ कोटी. विहार आणि पवई भरून वाहू लागले की ते पाणी मिठी नदीला मिळतं आणि माहीमच्या खाडीपर्यंत शहराच्या मध्यातून जातं. आरेतल्या टेकड्यांवरून उतरणारे ओहोळही पावसाळ्यात तिच्याकडेच धावतात. भर म्हणून 'छोटा काश्मीर'चं तळं आहेच, जिथल्या नौकाविहाराचे कृष्णधवल फोटो उपनगरांतल्या पुष्कळ जुन्या अल्बमांत सापडतील.

एवढं पाणी उशाशी, मग पोहायचं कुठं? यांपैकी कुठंही नाही. विहार आणि तुळशी हे पिण्याच्या पाण्याचे तलाव. तिथं पहारा असतो आणि तो असायलाच हवा. पवईचं पाणी पिण्याजोगं राहिलेलं नाही. त्यात सांडपाणी येतं, जलपर्णी माजते, आणि पवई काय, विहार काय, दोन्हीकडे मगरी आहेत. मिठीबद्दल न बोललेलंच बरं. आणि कुठलंही अनोळखी तळं वरून कितीही शांत दिसलं तरी त्याच्या तळाशी गाळ आहे, वेली आहेत की खाणीचा तुटका कडा आहे, हे काठावरून कळत नाही.

आरेतल्या पाड्यांवरच्या आदिवासींनी वाघोबाला देव मानलं आहे. त्याची ठाणी आहेत, पूजा होते. जनावराशेजारी राहायचं तर त्याची वाट त्याला सोडायची, ही शहाणीव त्या पूजेत आहे. पाण्याशेजारी राहण्याचीही अशीच काही शहाणीव असते. ती आपण उपनगरवाल्यांनी कधी कमावलीच नाही. पाणी आपल्याला एक तर दिसत नाही, किंवा पावसाळी सहलीत दिसलं की आपण भान विसरतो.

विहिरी मागे राहिल्या

आजच्या पन्नाशी-साठीतल्या वाचकांच्या वडिलांना बहुतेक पोहता येत असे. त्यांनी ते गावच्या विहिरीत किंवा नदीच्या डोहात शिकलेलं असे. पाठीला वाळका भोपळा नाही तर पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा आणि काकानं किंवा थोरल्या चुलतभावानं वरून ढकलून द्यायचं, ही शिकवण्याची पद्धत. ती मुलायम नव्हती आणि पूर्णपणे सुरक्षितही नव्हती. पण तिच्यात एक गोष्ट होती : विहिरीवर कुणी एकटं जात नसे. पोहणारे चार, कठड्यावर बसलेले सहा. सूर मारणारा कोण, मुटका मारून सगळ्यांना भिजवणारा कोण आणि पायरी न सोडणारा कोण, हे प्रत्येकाला ठाऊक. नवशिक्यावर दहा डोळे असत.

ही माणसं पोटापाण्यासाठी मुंबईला आली, चाळीत आणि मग उपनगरातल्या ब्लॉकमध्ये राहिली. विहीर गावी राहिली. इथल्या विहिरी बुजल्या, त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. पोहणं मग क्लबात जाणाऱ्यांची गोष्ट झाली. मुलांना शिकवणीला घालताना गणित, इंग्रजी, तबला, चित्रकला सगळं आलं. पोहणं राहून गेलं. ती मुलं आज चाळिशीत आहेत. 'आता या वयात काय शिकायचं?' असं म्हणून ती आपल्या मुलांना तलावावर सोडतात आणि स्वतः बाहेर बाकावर मोबाइल चाळत बसतात.

या वयाच्या प्रश्नाला मिहिर सेन यांच्या गोष्टीइतकं चोख उत्तर नाही. बॅरिस्टर होण्यासाठी ते लंडनला गेले. १९५० मध्ये फ्लॉरेन्स चॅडविक या अमेरिकन बाईनं इंग्लिश खाडी पोहून पार केली, ती बातमी त्यांनी वाचली आणि आपणही हे करायचं असं मनाशी ठरवलं. त्या वेळी त्यांना पोहणं धड येत नव्हतं! वायएमसीएच्या तलावात त्यांनी धडे घेतले. पहिल्या प्रयत्नांत अपयश आलं. अखेर २७ सप्टेंबर १९५८ रोजी त्यांनी खाडी पार केली आणि तसं करणारे ते पहिले भारतीय ठरले. वर्षभरानं आरती साहा यांनी तोच पराक्रम केला. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले आणि त्यानंतर पाण्याकडे वळले. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याचं सुवर्णपदक त्यांनी मिळवलं. आपल्याला ना खाडी पार करायची आहे ना पदक मिळवायचं आहे. आपल्याला फक्त पंचवीस मीटर जाऊन परत यायचं आहे.

'मला येत नाही'

मुंबईत सामान्य माणसासाठी पोहण्याची जागा म्हणजे महापालिकेचे आणि संस्थांचे तलाव, बहुतेक उघड्या आकाशाखालचे. शिवाजी पार्कचा महात्मा गांधी तलाव पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध. उपनगरांत अंधेरीचं शहाजीराजे क्रीडासंकुल, मुलुंडचं प्रियदर्शिनी क्रीडासंकुल, चेंबूरचा जनरल अरुणकुमार वैद्य तलाव, कांदिवलीचा सरदार पटेल तलाव, गोरेगावात 'प्रबोधन'चा ओझोन. अलीकडच्या वर्षांत महापालिकेनं आणखीही काही बांधले आहेत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत २१ दिवसांचे शिकाऊ वर्गही घेतले आहेत. दुरुस्तीसाठी यांतला एखादा तलाव मधूनमधून बंद असतो, जागाही मर्यादित असतात. तेव्हा आधी चौकशी करून जावं. बहुतेक ठिकाणी डॉक्टरांचा दाखला लागतो. रक्तदाब, मिरगी, हृदयविकार, कानाचा जुना त्रास असेल तर तो लपवू नये.

पहाटेच्या बॅचला गेलं की दिसतं ते असं. खोल बाजूला नेहमीचे गडी सपासप हात मारत असतात. उथळ बाजूला बारला धरून पाच-सात मोठी माणसं उभी असतात. बँकेतले अधिकारी, शिक्षिका, रिक्षावाले, निवृत्त गृहस्थ. बाहेर प्रत्येकाचा काही ना काही हुद्दा असतो, पण टोपी आणि चड्डीत सगळे सारखेच. शेजारची आठ वर्षांची पोर मासोळीसारखी सुळकन निघून जाते आणि हे पन्नाशीचे गृहस्थ तोंड पाण्यात घालायला कचरतात. कोच विचारतो, "पोहता येतं का?" आणि त्या माणसाला सगळ्यांसमोर म्हणावं लागतं, "नाही. मला येत नाही."

पोहण्याचा पहिला धडा हाच. मोठ्या माणसाला हे तीन शब्द बोलणं फार जड जातं. पण पावसाळी सहलीत होणाऱ्या किती दुर्घटनांच्या मुळाशी हे न बोललेले तीन शब्द असतील, याचा विचार करावा. आठ-दहा पोरं धबधब्याखालच्या डोहावर जातात. दोघं उतरतात, मग चौघं. उरलेल्यांपैकी एखाद्याला पोहता येत नसतं. पण मित्र हसतील म्हणून तो ते सांगत नाही. तो 'इथंच कडेला' म्हणून उतरतो, आणि कडेला पायाखालची जमीन संपते.

पुढचे धडे शरीराचे. पहिला श्वासाचा. जमिनीवर आपण नकळत श्वास घेतो. पाण्यात तो ठरवून घ्यावा लागतो. तोंड वर आलं की आत घ्यायचा, पाण्याखाली नाकातोंडानं बुडबुडे काढत सोडायचा. नवशिका श्वास कोंडून धरतो आणि वर आल्यावर सोडणं-घेणं दोन्ही एकदमच करू पाहतो, म्हणून दोन हातांत दमतो. दम संपतो तो ताकद नसते म्हणून नव्हे, तर जुना श्वास बाहेर टाकलेला नसतो म्हणून.

दुसरा धडा तरंगण्याचा. छाती हवेनं भरलेली असेल तर आपलं शरीर पाण्यावर जेमतेम तरंगतं. जेमतेम म्हणजे डोक्याएवढंच काही तरी वर राहील इतपत. घाबरलेला माणूस मान वर ताणतो, दोन्ही हात पाण्याबाहेर काढतो. जेवढं शरीर पाण्याबाहेर निघतं तेवढा खालच्या भागावर भार येतो, पाय खाली जातात आणि माणूस उभा होऊन बुडू लागतो. त्याऐवजी उताणं पडून कान पाण्यात बुडू द्यावेत, नजर आकाशाकडे, पोट वर, हात पसरलेले, शवासनासारखं. शरीर आपोआप वर येतं. उघड्या तलावाचा खरा लाभ इथं कळतो. डोक्यावर छप्पर नसतं. उजाडत असतं, एखादी घार फिरत असते आणि कानांत पाणी असल्यामुळे सगळं शहर गप्प असतं. भीती जाते ती या क्षणी. मग पाय गुडघ्यातून नव्हे तर मांडीतून हलवणं, फळी धरून जाणं, हातांची लय, हे सगळं महिना-दोन महिन्यांत येतं. कुणाला चार महिने लागतात. लागू द्यावेत.

बायकांसाठी पुष्कळ तलावांवर वेगळ्या वेळा ठेवलेल्या असतात. पोहण्याचा पोशाख हा अनेकींना पाण्याहून मोठा अडथळा वाटतो. पण हात-पाय झाकणारे पोशाख आता सर्रास मिळतात, आणि बॅचमध्ये आठवडाभरानंतर कुणाचं कुणाकडे लक्ष नसतं. ज्याला त्याला स्वतःच्या श्वासाची पडलेली असते. आईला पोहता येत असेल तर घरातल्या पोरांचं पोहणं आपोआप मार्गी लागतं, हे वेगळं सांगायला नको.

गटाचे डोळे

पोहणं हा दिसायला एकट्याचा व्यायाम आहे. शिकण्यासाठी आणि टिकण्यासाठी मात्र तो सोबतीचाच. लंडनच्या हाइड पार्कमधल्या सर्पंटाइन तळ्यावर १८६४ पासून पोहणाऱ्यांचा एक क्लब आहे. ऐन थंडीत, नाताळच्या सकाळी ही मंडळी शर्यत लावतात. 'पीटर पॅन'चे लेखक जे. एम. बॅरी यांनी १९०४ मध्ये तिच्यासाठी चषक दिला. एवढ्या गारठ्यात एकटा माणूस घराबाहेर पडणार नाही. चारजण वाट पाहताहेत म्हणून तो पडतो. आपल्याकडे गारठा नाही, पण आळस आहे आणि त्यावरही औषध तेच. तलावावरच्या नेहमीच्यांपैकी एखादा दोन दिवस दिसला नाही की तिसऱ्या दिवशी फोन जातो. बाहेर टपरीवर चहा होतो. उथळ बाजूचा माणूस पहिल्यांदा खोल बाजूला जाऊन परत आला की त्या दिवशीच्या चहाचे पैसे तो देतो.

या सोबतीला आणखी गंभीर अर्थ आहे. सिनेमात बुडणारा माणूस हात हलवतो, 'वाचवा' म्हणून ओरडतो. प्रत्यक्षात बुडणं बहुधा मुकं असतं. तोंड पाण्याच्या पातळीवर वरखाली होत असतं, ओरडायला श्वास उरत नाही, हात वर हलत नाहीत, ते पाणी खाली दाबत राहतात. मिनिटभरात खेळ संपू शकतो. दहा हातांवर उभ्या माणसालाही कळत नाही. कळतं ते तुम्हाला ओळखणाऱ्याला, जो 'मघाशी इथं होता, आता का दिसत नाही?' असं विचारतो.

आणि कळल्यावर काय करायचं, हेही गटातच शिकावं. बुडत्याला काडीचा आधार ही म्हण इथं शब्दशः खरी ठरते. तो हाताला लागेल ते घट्ट पकडतो. वाचवायला उडी घेतलेला मित्रच हाताला लागला तर दोघंही जातात. म्हणून अंगावर उडी घेऊ नये. बांबू पुढं करावा, ओढणी, साडी, दोर फेकावा, झाकण लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन फेकावा, स्वतः काठावर आडवं पडून हात द्यावा आणि मोठ्यानं माणसं बोलवावीत. बाहेर काढलेल्या माणसाचा श्वास थांबला असेल तर लगेच तोंडानं श्वास देणं आणि छाती दाबणं सुरू करावं. हे एकदा कुणाकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावं.

नेदरलँड्ससारख्या, बरीचशी जमीन समुद्रसपाटीखाली असलेल्या देशात मुलं पोहण्याच्या अ, ब, क अशा परीक्षा देतात आणि त्यांत अंगभर कपडे घालूनही पोहून दाखवावं लागतं. कारण माणूस पाण्यात पडतो तो चड्डी घालून तयार होऊन नव्हे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी दोन्ही काठ सोडून वस्त्यांत शिरली. त्या शहराला हा विचार परका वाटू नये.

काठावर थांबण्याची विद्या

पोहायला आलं की उघड्या पाण्याची ओढ लागतेच. ती वाईट नाही. तिच्यासाठी रस्ते आहेत. मालवणला चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरण स्पर्धा भरते, त्यात कमी अंतराचेही गट असतात. मुंबईत सनक रॉक ते गेटवे हे पाच किलोमीटरचं अंतर स्पर्धक पोहतात आणि धरमतर ते गेटवे हे ३६ किलोमीटरचं अंतर पार करणारे गडीही आहेत. या सगळ्यांच्या बरोबर होड्या असतात, जीवरक्षक असतात, भरती-ओहोटीचं वेळापत्रक असतं. वर्षभर तलावात घाम गाळल्यावर, जाणत्यांच्या सोबतीनं तिकडे वळावं.

पण हेही ध्यानात ठेवावं की पोहणं हे पुराविरुद्धचं चिलखत नव्हे. २००५ सारख्या पाण्यात, उघड्या मॅनहोलांच्या रस्त्यावर पट्टीच्या पोहणाऱ्याचाही इलाज चालत नाही. पावसाळ्यात खवळलेल्या जुहूच्या समुद्रातही नाही. खरं म्हणजे जे नीट शिकले आहेत तेच अशा पाण्याकडे पाहून मागं सरतात. त्यांना आपला दम किती, हे मीटरमध्ये ठाऊक असतं. ज्याला काहीच येत नाही तो किंवा ज्याला थोडंसं येतं तो, हे दोघंच पाण्याला कमी लेखतात.

जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला की आरेच्या रस्त्यावर गर्दी उसळते. ओहोळ वाहू लागतात, टेकड्या हिरव्या होतात, भुट्ट्याच्या गाड्या लागतात. कुटुंबंच्या कुटुंबं पाण्याच्या आवाजाकडे ओढली जातात. जावं, भिजावं. फक्त त्याआधी एखाद्या रविवारी घरात जेवणाच्या ताटावर एक प्रश्न विचारून घ्यावा : आपल्यापैकी कुणाकुणाला पोहता येतं? ज्यांना येत नाही त्यांनी न लाजता तसं सांगावं, मग ते आजोबा असोत की कॉलेजातला चिरंजीव. आणि सोमवारी जवळच्या तलावावर जाऊन नव्या बॅचची चौकशी करावी.